रक्ताचा कागद आणि घशाचा कर्करोग

(संघाच्या वार्षिक संमेलनात दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या व्यासपीठावरून यापूर्वी वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशी मोठी माणसे बोलून गेली. आम्ही मॅट्रिक झालेले, पुढे अध्यापनाची पदविका घेऊन लालबाग-परळच्या महानगरपालिका शाळांत चौतीस वर्षे अंकगणित आणि मराठी शिकवून २०१६ साली निवृत्त झालेले शिक्षक. रक्ताच्या तपासणीवरून घशाच्या कर्करोगाचे भवितव्य कळते काय, हा विषय आमच्यासारख्याने घ्यावा ही कित्येकांस अनधिकार चेष्टा वाटेल. ती तशी आहेच. परंतु ह्या विषयाने आमच्या घरात पंधरा दिवस कोणाच्या घशाखाली घास उतरू दिला नाही, आणि त्या पंधरा दिवसांतला घोळ वैद्यकाचा नसून अंकगणिताचा होता. अंकगणितावर आमचा थोडा हक्क पोहोचतो. शिवाय चिटणीसांनी आम्हांस सांगितले की, गेल्या वर्षी साहाय्य निधीकडे आलेल्या अर्जांत ह्याच दुखण्याचे अर्ज एकाहून अधिक होते. तेव्हा संकोच बाजूस ठेवून बोलावे असे ठरविले.

आमच्या थोरल्या बंधूंना घरात आणि चाळीत सारे अण्णा म्हणतात. ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अण्णांची नोकरी गेली ती गेलीच. त्याच वर्षी आमची शाळेत नेमणूक झाली. एका हाताने गेले ते दुसऱ्या हाताने आले, असे आमची आई म्हणे. पण ज्याच्या हातचे जाते त्याला ते वेगळे लागते. अण्णा पुढे पहारेकरी म्हणून राबले. विडी त्यांना गिरणीत लागली होती, ती पहाऱ्याच्या रात्रींत वाढली. सोबत तंबाखू-चुना. एवढे सोडले तर माणूस निर्व्यसनी. गळा मात्र असा गोड की, गिरगावातील आमच्या चाळीच्या भजनी मंडळात अण्णांनी अभंग धरल्यावाचून रंग चढत नसे.

२०१७ च्या गणेशोत्सवात त्यांचा आवाज बसला. दहा दिवस आरत्या आणि भजने म्हटल्यावर कोणाचा बसत नाही? ज्येष्ठमध झाले, हळदीचे दूध झाले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. दसरा गेला, दिवाळी गेली. जवळच्या एका दवाखान्यात तीन वेळा गोळ्या बदलून मिळाल्या. आवाज काही सुटेना. पुढे डाव्या कानात ठणका सुरू झाला, म्हणून आम्ही कानाचे औषध घातले! शिक्षकाच्या घरात एवढे अज्ञान असावे ह्याची आज लाज वाटते. पण कानात उमटणारी कळ घशातून येऊ शकते हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते. चार महिन्यांनी एका तरुण कान-नाक-घसा तज्ज्ञाने नाकातून दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिले आणि त्याच दिवशी परळची चिठ्ठी लिहून दिली.

परळची चिठ्ठी म्हणजे काय, हे मुंबईकरांस सांगावे लागत नाही. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या, त्या दुःखातून ह्या रुग्णालयाचा संकल्प उभा राहिला. म्हणजे पाहा, ज्या वास्तूत आज हजारो लोक घशाचे, स्तनाचे, पोटाचे दुखणे घेऊन येतात तिचा पाया रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या बिघाडाने घातला. ह्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा प्रारंभी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. येथील रुग्णांच्या सवयी निरोगी माणसांच्या सवयींशी ताडून त्यांनी दाखविले की, तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाच्या आणि विडी ओढणाऱ्यांत घशाच्या मागील भागाच्या कर्करोगाकडे कल अधिक दिसतो. हे आमच्या जन्मापूर्वी, ह्या परळात, बहुधा गिरणगावातल्याच माणसांकडे पाहून लिहिले गेले. अण्णांना हे आम्ही सांगितले तेव्हा ते खिन्नपणे हसले आणि म्हणाले, "अरे, मग गिरणीच्या दारावर कुणी लावलं का नाही?" आम्हांपाशी उत्तर नव्हते.

तुकडा काढून तपासला. स्वरयंत्राचा कर्करोग, तिसरी पायरी. डॉक्टरांनी सांगितले की, स्वरयंत्र वाचविण्याचा प्रयत्न करू. साडेसहा-सात आठवडे किरणोपचार आणि दर आठवड्यास एक औषध शिरेतून. त्यापूर्वी नाना तपासण्या. त्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत साधी ती रक्ताची गणना, जिला सारे सी.बी.सी. म्हणतात. आमच्या घरचे पंधरा दिवस ह्याच कागदाने खाल्ले.

झाले असे की, आमचा पुतण्या शिकलेला, मोबाइलवर वाचणारा. त्याने कागदावर पाहिले: पांढऱ्या पेशी ११,६००, त्यांत न्यूट्रोफिल ७९ टक्के, लिम्फोसाइट १३ टक्के. त्याने ७९ ला १३ ने भागले. सहा आले. मग कोठेसे वाचले की, हे गुणोत्तर चारांच्या वर असेल तर कर्करोगाचा रोगी लवकर दगावतो. पोर रात्री जिन्यात बसून रडले. सकाळी वहिनींना कळले, दुपारपर्यंत चाळीला. उपचार सुरू होण्यापूर्वीच आमच्याकडे लोक 'भेटायला' येऊ लागले; कशासाठी ते तुम्ही जाणता.

आता हा भागाकार काय आहे ते आम्हांस जसे समजले तसे सांगतो.

रक्ताच्या एका थेंबात तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, प्लेटलेट रक्त गोठविण्याचे काम पाहतात आणि पांढऱ्या पेशी संरक्षणाचे. पांढऱ्या पेशी एका जातीच्या नाहीत. पाउल एर्लिख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना निरनिराळ्या रंगांत बुडवून त्यांची जात ओळखली. जी पेशी आम्ल रंगही धरीना, अल्कलीधर्मी रंगही धरीना, उदासीन रंग तेवढा धरी, तिचे नाव न्यूट्रोफिल पडले. पूर्वी प्रयोगशाळेतला माणूस सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पेशी एकेक करून मोजी. वॉलेस कूल्टर ह्या अमेरिकन गृहस्थांनी बारीक छिद्रातून पेशी सोडून विजेच्या साहाय्याने त्या मोजण्याची युक्ती काढली आणि १९५३ साली तिचे पेटंट मिळविले. आज बहुतेक गणना यंत्रावर होते.

न्यूट्रोफिल म्हणजे आग लागताच धावणारा बंब. जखम, पू, ताप, कोठेही दाह झाला की त्यांची संख्या भराभर वाढते. लिम्फोसाइट वेगळ्या. त्या शत्रूची ओळख ठेवतात, आणि त्यांच्यातील काही कर्करोगाच्या पेशींना हुडकून मारतात. आता गाठ शरीरात वाढू लागली की तिच्याभोवतीही दाह होतो. रुडॉल्फ फिरखो ह्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६३ मध्येच गाठींत पांढऱ्या पेशी पाहून दाह आणि कर्करोग यांचे नाते सुचविले होते. (ह्याच फिरखोंनी १८८७ साली जर्मनीच्या युवराजाच्या घशातला तुकडा तपासला, त्यात त्यांना कर्करोग आढळला नाही, आणि तो युवराज ९९ दिवस सम्राटपद भोगून १५ जून १८८८ रोजी घशाच्या कर्करोगानेच वारला. थोर माणसाच्या हातीही जेवढा तुकडा येतो तेवढ्याचेच सत्य त्याला दिसते.) गाठ स्वतः काही द्रव्ये रक्तात सोडते, ती हाडांतल्या मगजाला अधिक न्यूट्रोफिल करण्याचा हुकूम देतात. त्यांतले काही न्यूट्रोफिल गाठीशी लढण्याऐवजी तिला नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साह्य करतात. म्हणजे बंब आग विझविण्यास यावा आणि त्याने तेल ओतावे! उलट लिम्फोसाइट कमी झाल्या तर राखणदार कमी झाले. म्हणून पहिल्याला दुसऱ्याने भागून जो आकडा येतो, तो दाह किती आणि राखण किती ह्याचा एक ढोबळ अंदाज. प्लेटलेट आणि लिम्फोसाइट, लिम्फोसाइट आणि मोनोसाइट असेही भागाकार करतात. हिशेब तोच, नाणी वेगळी.

२००१ साली झाहोरेक ह्या स्लोव्हाक डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातील रोग्यांसाठी हा न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट भागाकार सुचविला, आणि पुढे कर्करोगाच्या तज्ज्ञांनी तो उचलला. २०१४ मध्ये टेम्पलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाना अवयवांच्या कर्करोगांवरील शंभर अभ्यास एकत्र केले, त्यांत ४०,५५९ रोगी होते. वाढलेल्या गुणोत्तराची मर्यादा त्या अभ्यासांत मध्यमानाने ४ होती, आणि तीवरच्या रोग्यांस मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट आढळला. घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कर्करोगावर स्वतंत्र अभ्यासही बरेच झाले आहेत. त्यांचा रोख ह्याच दिशेने आहे. तेव्हा पुतण्याने वाचले ते खोटे नव्हते. हे आधी कबूल केले पाहिजे, कारण 'मोबाइलवरचे सारे खोटे' असे म्हणून मोकळे होणे सोपे असते.

परंतु १.८ पट म्हणजे काय? समजा, गुणोत्तर कमी असलेल्या शंभर रोग्यांपैकी पाच वर्षांत तीस दगावतात. मग गुणोत्तर अधिक असलेल्या शंभरांपैकी, ह्याच हिशेबाने, सुमारे ४७ दगावतील. आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. तीस आणि सत्तेचाळीस यांत फरक मोठा आहे; रुग्णालय चालविणाऱ्याने, औषध शोधणाऱ्याने तो डोळ्यांआड करता कामा नये. पण त्या दुसऱ्या शंभरांतही त्रेपन्न माणसे जिवंत आहेत. आमच्या घरात मात्र १.८ चा अर्थ 'अण्णा जाणार' असा झाला होता.

आम्ही पुतण्याला जवळ बसविले आणि आमच्या वर्गाची गोष्ट सांगितली. साठ मुलांच्या वर्गात सहामाहीस गणितात नापास झालेली दहा मुले असली, तर त्यांतली सहा-सात वार्षिक परीक्षेतही नापास होतात, हा आमचा चौतीस वर्षांचा अनुभव. वर्गाबद्दल आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो. पण त्या दहांतला नेमका कोण तरेल, हे सहामाहीच्या गुणपत्रकात लिहिलेले नसते. एका वर्षी सहामाहीत १०० पैकी ११ मिळविलेला लालबागचा एक मुलगा वार्षिकला ६८ घेऊन बसला. त्याची आई सहामाहीच्या आठवड्यात रुग्णालयात होती, हे आम्हांस फार नंतर कळले. गुण खरे होते. ते मुलाचे नव्हते, त्या आठवड्याचे होते.

आणि हेच आमच्या घरी घडले. किरणोपचारापूर्वी दात तपासून खराब दात काढून टाकण्याची रीत आहे, कारण किरण लागलेल्या जबड्यात मागाहून दात काढल्यास हाड भरून न येण्याची भीती असते. दंतवैद्याने पाहिले तो अण्णांच्या खालच्या दाढेशी पू साठलेला! दाढ निघाली, पू गेला, जखम भरली. बारा दिवसांनी रक्त पुन्हा तपासले: पांढऱ्या पेशी ८,२००, न्यूट्रोफिल ६६, लिम्फोसाइट २३. भागाकार तीनांच्या आत. माणूस तोच, गाठ तीच. मधल्या काळात एक दाढ तेवढी गेली होती. ज्या सहांनी घर सुतकात बसविले, त्यांतला मोठा वाटा दाढेचा होता.

तेव्हापासून रक्ताचा कागद हाती आला की आम्ही प्रथम विचारतो, त्या दिवशी ताप होता काय, खोकला होता काय, कोठे जखम, आणि स्टेरॉइड घेतले होते काय. हा शेवटचा प्रश्न विसरू नये. कर्करोगाच्या औषधाने उलटी होऊ नये म्हणून त्यासोबत बहुधा स्टेरॉइड देतात, आणि त्याने न्यूट्रोफिल वाढतात व लिम्फोसाइट उतरतात. अशा वेळच्या रक्ताचा भागाकार करून भविष्य पाहणे म्हणजे पावसात भिजलेल्या माणसाला पाहून त्यास जलोदर झाला म्हणण्यासारखे आहे. आणखी असे की, मर्यादा कोणी दोन धरली, कोणी तीन, कोणी पाच. उत्तीर्ण होण्याची रेषा शाळाशाळांत निराळी असेल तर गुणपत्रकाचा भाव काय राहील? कर्करोगाची पायरी ठरविण्याच्या जागतिक पद्धतीत गाठीचा आकार, मानेतील गाठी आणि दूरचा प्रसार एवढेच तीन धागे आहेत. रक्ताच्या ह्या गुणोत्तराला तीत स्थान नाही, आणि केवळ त्यावरून घशाच्या कर्करोगाचा उपचार बदलीत नाहीत.

हिमोग्लोबिनची कथा याहून उद्बोधक आहे. अण्णांचे हिमोग्लोबिन १०.८ होते. घशाच्या कर्करोगात किरणोपचार घेणाऱ्यांपैकी ज्यांचे हिमोग्लोबिन कमी असते त्यांच्यात गुण कमी येतो, हे पुष्कळ वर्षे दिसत आले आहे. कारणही पटण्यासारखे होते. १९५३ मध्ये ग्रे आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी मांडले की, प्राणवायू भरपूर असेल तेथे किरणांचा मारा अधिक परिणाम करतो. मग रक्त वाढवा, प्राणवायू वाढेल, किरण लागू पडतील! आमच्या वहिनींनीही तेच आरंभिले: बीट, डाळिंब, खजूर, अळीव. अन्न म्हणून ते उत्तमच. पण विलायतेत रक्त वाढविणारे इंजेक्शन निघाले होते आणि युरोपातील डॉक्टरांनी त्याची नीट परीक्षा घेतली. हेंके आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. डोके-मानेच्या कर्करोगाचे, रक्त कमी असलेले ३५१ रोगी. काहींना खरे इंजेक्शन, काहींना औषधहीन. खरे इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ८२ टक्क्यांचे हिमोग्लोबिन ठरविलेल्या उंचीवर गेले. दुसऱ्या गटात केवळ १५ टक्क्यांचे. आकडा सुधारला. आणि रोग? ज्यांचा आकडा सुधारला त्याच गटात रोग अधिक लवकर बळावला. डेन्मार्कमध्ये किरणोपचारापूर्वी रक्त चढवून पाहिले, त्यानेही गुण वाढला नाही.

आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या शिक्षकी जिवाला एकदम ओळख पटली. गुण वाढवून दिल्याने मुलगा शहाणा होत नाही. आम्ही कृपांक दिलेले आहेत, वरून आदेश आल्यावर मुकाट्याने दिलेले आहेत; पाढे त्या मुलांना पुढच्या वर्षीही येत नव्हते. रक्त कमी होणे ही बहुधा रोगाने माणसाला किती पोखरले आहे त्याची खूण असते. खूण पुसली तरी पोखरणे चालूच राहते. यास्तव, घरच्यांनी बाजारातून रक्तवाढीची टॉनिके परस्पर आणून रोग्यास पाजू नयेत. डॉक्टरांनी रक्त चढविण्यास सांगितले तर त्याला त्यांची वेगळी कारणे असतात. तेथे आमचे व्याख्यान आड आणू नये.

ह्यावरून कोणी समजेल की सी.बी.सी. चा कागद निरुपयोगी. तसे मुळीच नाही, आणि हे सांगताना आम्हांस आजही घाम फुटतो.

उपचाराचा पाचवा आठवडा होता. अण्णा दिवसभर पडून होते. घसा आतून सोलवटलेला, नाकातल्या नळीने दूध आणि पेज. रात्री साडेअकरास वहिनींनी कपाळाला हात लावला, थर्मामीटरवर १०१. आम्ही म्हणालो, सकाळ होऊ द्या, आता एवढ्या रात्री कोठे न्यावे. हे वाक्य आमचे, दुसऱ्या कोणाचे नव्हे. पुतण्याने, त्याच ज्याला आम्ही भागाकारावरून समजावीत होतो, फाइलला टाचलेला सूचनांचा कागद काढला. त्यावर स्पष्ट लिहिले होते की, १००.४ च्या वर ताप गेल्यास त्याच घटकेला यावे. गिरगावाहून टॅक्सी केली. तेथे रक्त घेतले: पांढऱ्या पेशी ११००, त्यांत न्यूट्रोफिल ३८ टक्के. आता येथे भागाकार करायचा नसतो, गुणाकार करायचा असतो. ११०० चे ३८ टक्के म्हणजे ४१८. पाचशेंच्या खाली न्यूट्रोफिल आणि अंगात ताप, म्हणजे शरीराच्या वेशीवर पहारेकरीच नाही. साधा जंतू काही तासांत रक्तात पसरून माणूस नेतो. त्या रात्रीच शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी आम्हांस एवढेच म्हटले, "बरं झालं, सकाळपर्यंत थांबला नाहीत."

म्हणजे जो कागद पाच वर्षांनंतरचे सांगताना चाचरतो, तोच कागद आज रात्रीचे अगदी ठाम सांगतो. आमच्या घराने त्याला उलट वागविले होते. पुढच्याचा आकडा डोक्यावर घेऊन पंधरा दिवस रडलो, आणि आजचा आकडा घेण्यास सकाळपर्यंत थांबणार होतो.

उपचार पुरे झाले. अण्णांचा आवाज खरखरीत का होईना, परत आला. २०१८ च्या गणपतीत त्यांनी बसल्या जागी एक अभंग म्हटला. भागाकार चांगला, डोळ्यांना माणूस चांगला. आम्ही पेढे वाटले. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात, चौदा महिन्यांनी, त्याच जागी रोग पुन्हा उठला. स्वरयंत्र काढावे लागले. उलट, अण्णांबरोबर किरणोपचाराच्या बाकावर बसणारे सातारकडचे एक गृहस्थ, ज्यांचे गुणोत्तर पाचांच्या वर असल्याचे पुतण्याने त्यांचा कागद पाहून आम्हांस कुजबुजून सांगितले होते, ते आजही दिवाळीस फोन करतात. दोन माणसांवरून सिद्धान्त होत नाही. आम्ही तो करीतही नाही. टेम्पलटन यांचे चाळीस हजार त्यांच्या जागी खरे, अण्णा अण्णांच्या जागी.

राहता राहिली ती ते चार महिने. त्यांचा हिशेब आम्हांस अजून सोडीत नाही. स्वरतंतूंवर उठलेला कर्करोग आवाज लगेच बिघडवतो, म्हणून तो फार लवकर सापडू शकतो. पहिल्या पायरीवर सापडला तर केवळ किरणांनी दहांपैकी आठ-नऊ जण बरे होतात, आणि स्वरयंत्र जागेवर राहते. तिसऱ्या पायरीला ते प्रमाण पुष्कळ खाली येते. ह्या फरकापुढे रक्तातले सारे भागाकार फिके आहेत. घशाच्या अगदी खालच्या भागाचा कर्करोग मात्र लबाड. तो आवाज न बिघडवता वाढतो आणि मानेला गाठ, गिळताना टोचणे, एकाच कानात कळ अशा वाटांनी उशिरा कळतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर स्वरयंत्र पाहून घ्यावे असे तज्ज्ञ सांगतात; विडी-तंबाखूवाल्याने तर एक दिवसही वर जाऊ देऊ नये. पाहणे कठीण नाही. जिवंत माणसाचे स्वरतंतू आरशात प्रथम नीट न्याहाळले ते कोणा वैद्याने नव्हे, मॅन्युएल गार्सिया ह्या गायनशिक्षकाने, १८५४ मध्ये, आणि तेही स्वतःचेच! एका शिक्षकाने केलेली ही गोष्ट आम्हां शिक्षकांस ठाऊक नसावी, याचे आम्हांस वैषम्य वाटते. मास्तरांचा आवाज बसणे हा आपल्याकडे धंद्याचा भाग समजतात. शिक्षकांनी आणि भजनी मंडळींनी हे विशेष ध्यानी घ्यावे. भगिनींपैकी ज्या मिश्री लावतात किंवा तपकीर ओढतात त्यांनी हे पुरुषांसाठी आहे असे समजून उठू नये.

बाहेरगावच्या बांधवांसाठी एक सांगून ठेवतो. परळला उपचारास यावयाचे तर राहण्याच्या काळजीने दिवस घालवू नका. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. आपल्या संघाच्या कार्यालयातूनही चिठ्ठी आणि सोबतीला माणूस मिळण्याची व्यवस्था चिटणीसांनी मान्य केली आहे.

अण्णा आज सभागृहात आले आहेत. पहिल्या रांगेत, खांबाशेजारी, गळ्याला पांढरा रुमाल. गळ्यावरच्या छिद्राशी बोट धरून ते बसवलेल्या झडपेच्या साह्याने बोलतात. मंडळात अभंग आता दुसरे कोणी धरते आणि अण्णा टाळ धरतात. निघताना त्यांनी आम्हांस विचारले, "माझे कागद घेतलेस ना?" २०१८ पासूनचे त्यांच्या रक्ताचे सारे कागद, तारीखवार लावून, आम्ही बरोबर आणले आहेत. त्यांत तो सहाचाही आहे, तीनचाही आहे आणि ४१८ चाही. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी चहाच्या वेळी अण्णांकडून मागून घ्यावेत. दाखविण्याची त्यांची स्वतःचीच इच्छा आहे.